दादाराव साळव्यांच्या एकोणीस नोटा

बसा, बसा. मागं उभे आहेत त्यांना पुढं येऊ द्या. पुढं जागा आहे. आमच्या मंडळाच्या लोकांनी शेजारच्या खुर्च्यांवर पिशव्या ठेवल्यात, त्या जरा मांडीवर घ्या. वेरूळहून आलेले गाईड लोक तासभर भिंतीला टेकून उभे आहेत आणि पिशव्या बसल्यात. हां. या, बसा.

शांताकाकू, प्रज्ञाताई, साळवे कुटुंबातले सगळे, गारखेड्यातले शेजारी, आणि आमच्या नाणी-नोटा मंडळाचे मान्यवर. माझं नाव रामेश्वर औताडे. छावणीत माझं झेरॉक्सचं आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. मी मंडळाचा सचिव. म्हणजे हॉलच्या किल्ल्या माझ्याकडं असतात आणि चहा मी सांगतो.

बोलणं अवघड आहे. माझ्याआधी तिघंजण हेच म्हणाले आणि मग वीस-वीस मिनिटं बोलले. मला खरंच अवघड आहे. गुरुवारी दादाराव गेले, आज सातवा दिवस, आणि अजून मला रडू आलेलं नाही. चीड येतेय. इथं बसून ऐकता ऐकता ती वाढत गेली.

अध्यक्ष साहेब आत्ता म्हणाले, "साळवे म्हणजे आमच्या मंडळाचं अनमोल रत्न." मी ऐकलं. काकूंनी ऐकलं. अनमोल! साहेब, मोल तर आपण सगळ्यांनी मिळून केलं होतं. चिठ्ठीवर लिहून केलं होतं. विसरलात का?

मग साहेबांनी जाहीर केलं की दादारावांचा आल्बम मंडळ "सांभाळेल". त्यांच्या नावाचं एक काचेचं कपाट करील. आणि कुटुंबाला मदत म्हणून एकवीस हजार. ते पाकीट तिथं, फोटोसमोर ठेवलंय. जवळ जाऊन बघा. पाकिटावर एक रुपयाचं नाणं चिकटवलंय आणि सोनेरी अक्षरात 'शुभाशीर्वाद' छापलंय. लग्नात देतात तसलं. तीस वर्षं नाण्यांचा अभ्यास करणारी माणसं आम्ही. मयताच्या घरी कुठलं पाकीट न्यावं, तेवढं कळलं नाही.

आता वेरूळच्या मंडळींना प्रश्न पडला असंल की एवढं कसलं आल्बम-आल्बम चाललंय. आल्बममध्ये फोटो नाहीत. नोटा आहेत, एकोणीस. अमेरिकेच्या. पण आजच्या डॉलरसारख्या नाहीत. पूर्वी तिकडं गावोगावच्या बँकांना स्वतःच्या नावाची नोट काढायची परवानगी होती. सरकार छापून द्यायचं, पण नोटेवर नाव त्या गावातल्या बँकेचं. खाली दोन सह्या. एक बँकेच्या प्रमुखाची, एक कॅशियरची. पाचशे उंबऱ्याचं गाव, तिथं एक बँक, आणि त्या गावाचं नाव नोटेवर! दादारावांना नेमकं हेच वेड होतं. मला म्हणायचे, "औताडे, बघ की. बाजाराचा दिवस सोडला तर कुत्रं फिरकत नसंल असलं गाव, आन् नोटेवर नाव. आपल्या वेरूळला सगळं जग येतं, पण वेरूळच्या नावाची नोट दाव मला एक."

आणि या नोटांचा भाव कसा ठरतो? त्यांच्याकडूनच ऐकलेलं सांगतो. नोट दहाची का वीसची, याला फार अर्थ नाही. गाव कुठलं, हे बघायचं. त्या गावाच्या बँकेच्या किती नोटा आज जगात उरल्यात, हे बघायचं. मोठ्या शहराच्या बँकेच्या ढिगानं उरल्यात, त्या स्वस्त. बारक्या, बुडालेल्या बँकेची एखादी उरली असंल, तर तिच्यासाठी लोक भांडतात. आणि कागद जसा होता तसा पाहिजे. धुतलेला नको, इस्त्री केलेला नको, चिकटवलेला नको. घडी पडली तर पडू दे, पण हात लावू नका. एवढंच आहे. एवढं कळायला काय लागतं? साळवे मंडळात आल्यापासून पंधरा वर्षांत आम्हाला कळलं नाही.

ही नोटांची भानगड त्यांच्या मागं लागली कशी, तेही सांगतो. इथले जुने गाईड साक्षीला आहेत. अमेरिकेची एक म्हातारी लेणी बघायला आली होती. हातात काठी. दादाराव तिला सावलीसावलीनं हळूहळू फिरवत होते. तिनं एका मूर्तीबद्दल काहीतरी विचारलं. दादाराव म्हणाले, "मॅडम, हे मला माहीत नाही." म्हातारी चकित. म्हणाली, तीन दिवसांत तीन गाईड केले, माहीत नाही म्हणणारे तुम्ही पहिले. मग दुपारी झाडाखाली बसल्यावर तिनं डायरीतून एक जुनी दहाची नोट काढून दाखवली. तिच्या आजोबाच्या गावातल्या बँकेची. आजोबा त्या बँकेत कॅशियर, खाली त्याची सही. दौतीच्या शाईनं, हातानं केलेली.

दुसऱ्या कुणी विचारलं असतं, केवढ्याची आहे? दादारावांनी विचारलं, "आजोबांचं नाव काय?"

तिनं नाव सांगितलं, आणि जाताना नोट त्यांच्या हातात ठेवली. घरी तिला विचारणारं कुणी उरलं नव्हतं, असं म्हणाली. नंतर ती मरेपर्यंत पत्रं चालू होती. तिनं पुस्तकं पाठवली, नोटा ठेवायच्या बिनरसायनाच्या पिशव्या पाठवल्या, तिकडच्या संग्राहकांची ओळख करून दिली. बक्षिशीचे पैसे साठवून, कुणाशी अदलाबदल करून, दादारावांनी एकाच्या एकोणीस केल्या. दहावी नापास माणूस. इंग्रजी दगडासमोर उभं राहून शिकलेला. तो अमेरिकेतल्या माणसाला पत्र लिहून सांगायचा की बाबा, तुझ्या यादीत अमुक गावच्या बँकेचा नोंदणी नंबर चुकलाय. आणि तिकडून आभाराचं पत्र यायचं! प्रज्ञाताईकडं आहेत ती पत्रं. बघा जाऊन.

आणि इकडं आमचं मंडळ.

मंडळात आम्ही त्यांना काय म्हणायचो? 'गाईड'. "आले का गाईड?" "गाईडला विचारा." बाकी सगळे साहेब, शेठ, सर. डॉक्टर तर डॉक्टर नसले तरी डॉक्टर. साळवे मात्र गाईड. चहा आला की कपबशा सगळ्यांना, आणि त्यांना कागदी कप. का, हे कुणी कधी बोललं नाही. सगळी सुशिक्षित माणसं, असलं तोंडानं कशी बोलतील? कागदी कप मीच आणत होतो. मला सांगितलं कुणी? कुणीच नाही. मलाही आपोआप कळलं. शिकल्यासवरल्याचा हा फायदा.

आता चिठ्ठीचं ऐका. आमच्याकडं एक रीत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी एकानं आपली सगळ्यात चांगली वस्तू टेबलावर ठेवायची. ती हातोहात फिरते. मग प्रत्येकानं दुसऱ्याला न दाखवता चिठ्ठीवर किंमत लिहायची आणि स्टीलच्या डब्यात टाकायची. सगळ्यांची सरासरी म्हणजे 'मंडळाचा भाव'. साहेबांना या रीतीचा फार अभिमान. लोकशाही म्हणतात ते तिला.

दहा वर्षांपूर्वी दादारावांची पाळी आली. त्यांनी म्हातारीची नोट आणली. विकायची नव्हती हो. दाखवायची होती. नवा शर्ट घालून आले होते. पाव तास बोलले. ते गाव, ती बँक, तो कॅशियर. त्या बँकेची दुसरी नोट अजून कुठं सापडलेली नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आम्ही भजी खात होतो. मग नोट फिरायला लागली. साहेबांनी बोटाला थुंकी लावली आणि घासून बघितली. घासून! दादाराव अर्धे उठले खुर्चीतून, आणि परत बसले.

पण चिठ्ठ्या लिहायच्या आधीच, खाली टपरीवर, आमचं ठरलं होतं. साहेबांनी हिशोब केला, "दहा डॉलर. आजचा भाव धरा. वर थोडं जुनेपणाचं घाला. सातशे." झालं. एवढ्या मोठ्या अभ्यासकाचा अभ्यास मनी चेंजरच्या पाटीवर संपला. आम्ही माना डोलावल्या. गाईडच्या वस्तूला याहून जास्त लिहायचं कुणाच्या मनात आलं नाही. चिठ्ठीवर जात लिहिलेली नव्हती, पण ती त्या सातशेत होती.

दादारावांनी डबा स्वतः उपडा केला. अकरा चिठ्ठ्या. एकेक उघडली. सातशे. सातशे. सातशे. शेवटची उघडून झाल्यावर ते हसले. म्हणाले, "एखाद्यानं निदान साडेसातशे तरी लिहायचं व्हतं."

साहेब, तुम्ही तेव्हा छताकडं बघत होता. आत्ताही बघताय. वर काही नाही. पंखा आहे.

आणि त्या अकरांत एक चिठ्ठी माझी होती. आता इतरांचं झालं, माझं ऐका.

पुढच्या वर्षी मंडळाचं प्रदर्शन होतं. प्रत्येकाची एकेक वस्तू मांडायची. दादारावांनी तीच नोट दिली. तुम्ही म्हणाल, एवढं होऊन परत का दिली? मीही विचारलं होतं. म्हणाले, "दुसरं कुणाला दावू? घरी दावली तर शांता म्हणती, डाळ आणा." काकू, हसा तुम्ही, हसा. त्यांना ते सांगायला लई आवडायचं.

नोट पाकिटात घालून दिली. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'काचेखाली ठेवावी. बाहेर काढू नये.' वर तोंडानंही सांगितलं, "औताडे, तुझ्या त्या मशीनपासून लांब ठेव बरं. म्या जलमभर बघतोय, लोकं नुसता हात लावून लावून दगडाची नाकं झिजवत्यात. ह्यो तर कागद हाय."

मी म्हणलं, "हो, हो."

संध्याकाळी साहेबांचा फोन. "सचिव, शाळेची पोरं येणार, हात लावणार. सगळ्या कागदी वस्तू लॅमिनेट करून टाका." आणि मी टाकल्या. मी साहेबांवर ढकलत नाही. साहेबांना कागदातलं कळत नाही, हे अख्ख्या शहराला माहीत आहे. मला सांगितलेलं होतं. पाकिटावर लिहिलेलं होतं. मी ते वाचलं, आणि पाकीट फोडलं. कारण सांगणारा कोण? गाईड. साहेबांचा शब्द मोठा. लोक दुकानात मार्कमेमो आणतात, जातीचा दाखला आणतात, आजोबांचा फोटो आणतात, तशी ती प्लास्टिकमध्ये घातली आणि मशीनमध्ये सरकवली. दुसऱ्या बाजूनं गुळगुळीत, चकचकीत बाहेर आली. मला वाटलं, वा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लॅमिनेशन परत निघत नाही. प्लास्टिक उष्णतेनं कागदात मुरतं. काढायला गेलं तर कागद सोलून येतो. त्या गावाची, त्या बँकेची, जगातली एकुलती एक नोट. तीस सेकंद लागले.

तेवढ्यात दादाराव दुकानात आले. दुसऱ्याच कामाला आले होते. काउंटरवर बघितली. उचलली. दोन्ही हातात धरून उभे राहिले. मला म्हणाले, "अजून गरम हाय."

परत काउंटरवर ठेवली आणि पायऱ्या उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात साहेब त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघा साळवे, आता शंभर वर्षं काही होत नाही तुमच्या नोटेला." दादाराव म्हणाले, "शंभर वर्षं तर तिला आधीच झाली व्हती, साहेब." सगळे हसले. विनोद झाला असं वाटलं सगळ्यांना.

आणि पुढच्या रविवारी ते परत मंडळात आले. आपल्या खुर्चीवर बसले, कागदी कपातला चहा प्यायले, दुसऱ्याच्या भिकार नाण्यांचं कौतुक केलं. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी माफी मागितली का? नाही. मी प्लास्टिकचे पैसे घेतले नाहीत. एवढीच माझी माफी. तुम्हाला हसू येत नाही ना? मला येतं. घाण वाटते मग.

मागच्या महिन्यात ते दुकानात आले. दोन पायऱ्या चढून धाप लागली होती. पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली. म्हणाले, "ह्याची झेरॉक्स काढ. लॅमिनेशन करू नको." आणि हसले. मी विचारलं, किती प्रती? म्हणाले, "तुला वाटतील तेवढ्या."

मी वही ड्रॉवरमध्ये टाकली. गर्दी होती, परीक्षेच्या फॉर्मचे दिवस. ते गेल्यावर, तीन दिवसांपूर्वी उघडली.

प्रज्ञाताई, नीट ऐक. त्या वहीत एकोणीस नोटांची एकोणीस पानं आहेत. प्रत्येक पानावर गावाचं नाव, बँकेचं नाव, सह्या करणारे दोघं कोण होते, त्यांचं पुढं काय झालं. तशा नोटा अजून किती माहीत आहेत. विकायची झाली तर तिकडं कुणाला लिहायचं, त्याचा पत्ता. आणि खाली दोन रकाने. एकावर लिहिलंय 'तिकडचा भाव'. दुसऱ्यावर 'मंडळाचा भाव'. दुसरा रकाना त्यांनी अंदाजानं भरलाय, कारण त्या एका नोटेनंतर त्यांनी दुसरी नोट कधी डब्यासमोर ठेवली नाही. पण अंदाज बरोबर आहे. प्रत्येक पानावर डॉलर, आजचा भाव, वर थोडं जुनेपणाचं. आम्हाला त्यांनी पुरतं ओळखलं होतं. आम्ही त्यांना तेवढं ओळखलं असतं तर!

दोन रकान्यांत फरक किती, मी बोलून दाखवत नाही. मी झेरॉक्सवाला आहे. तुमच्या प्रत्येकाच्या खुर्चीखाली एक पाकीट आहे. साधं, खाकी, वर नाणं नाही. त्यात अख्ख्या वहीची प्रत आहे. पत्ते तेवढे झाकलेत, ते फक्त ताईच्या प्रतीत आहेत. दीडशे प्रती काढल्यात. त्यांनी सांगितलं होतं, तुला वाटतील तेवढ्या. मला दीडशे वाटल्या. आता या हॉलमधल्या प्रत्येक माणसाला, वेरूळच्या प्रत्येक गाईडला, शेजारच्या किराणावाल्यालासुद्धा ठाऊक राहील की त्या आल्बममध्ये काय आहे. आता कुणाला टपरीवर काही ठरवता येणार नाही.

बसा साहेब, बसा. पाकीट उघडून तरी बघा. तुम्ही जिज्ञासू माणूस.

ताई, तो आल्बम विकायचा का ठेवायचा, तुझं तू ठरव. तुझ्या बापाची कमाई आहे. पण काचेच्या कपाटाला भुलू नकोस. त्या कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडं राहणार आहेत, आणि मी काय करतो ते आत्ताच सांगून झालंय. ते लग्नाचं पाकीट साहेबांना परत दे. घरात कुणाचं तरी लग्न निघंल, उपयोगी पडंल.

शेवटचं पान राहिलं. एकोणिसावं. म्हातारीच्या नोटेचं.

मी ते दुकानाचं शटर ओढून वाचलं. वर गावाचं नाव. आजोबाचं नाव. मग 'तिकडचा भाव', त्यापुढं एक आकडा. त्या काळी गारखेड्यात दोन खोल्या झाल्या असत्या. काकू, तुम्हाला दोन खोल्या. तो आकडा खोडलाय. एकच रेघ, पट्टी लावून मारलेली. 'मंडळाचा भाव', सातशे. तो खोडलेला नाही. आणि खाली त्यांच्या अक्षरात लिहिलंय, वाचतो:

'प्लास्टिक झाले. आता किंमत नाही. सह्या मात्र स्वच्छ वाचता येतात. औताड्याला द्यावी.'

औताड्याला द्यावी.

तीन रात्री मी त्या दोन शब्दांकडं बघतोय. मला माफ केलं, का माझ्या तोंडात मारली? वेरूळची मंडळी, तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता, तुम्ही सांगा. दोन्ही असंल. ते एकाच वेळी दोन्ही करू शकणारे होते.

ताईनं सकाळी ती मला दिली. ही बघा. शर्टाच्या खिशात आणलीय. मोडत नाही, दुमडत नाही, भिजत नाही. मेलेली वस्तू अशीच टिकते. मी ती दुकानात लावणार आहे, बरोब्बर मशीनच्या वर. जो कुणी कागद घेऊन येईल, त्याला आधी ही वाचायला लावणार. आणि विचारणार, बाबा रे, हा कागद काय आहे, नीट सांग. मी ऐकतो.

आता आपण उभं राहू. दोन मिनिटं. फोन बंद करा. खुर्चीखालची पाकिटं इतक्यात उघडू नका, मंडळाच्या सभासदांनी तर नकोच. या दोन मिनिटांत कुणीही, कशाचाही भाव करायचा नाही. जमतंय का बघू.

दादाराव, उशीर झाला. नोट आता थंड झालीय. चुकलं माझं.

जय भीम. उभे राहा सगळे.